नंबर मिळाला, आता काच कोणती?

[दृश्य: वडोदरा, रावपुरा. चष्म्याच्या दुकानाचं काउंटर. डॉक्टरांची चिठ्ठी, शेजारी काढून ठेवलेल्या पाच-सहा फ्रेमा.]

निवेदन:

डॉक्टरांनी डोळे तपासले, चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर लांबचा नंबर आहे, सिलिंडर (डोळ्याच्या असमान गोलाईसाठीचा नंबर) आणि त्याचा कोन, म्हणजे अ‍ॅक्सिस आहे, चाळिशी उलटली असेल तर जवळच्यासाठी वाढवायचा नंबर, म्हणजे अ‍ॅडिशनही आहे. काच कोणती घालायची हे मात्र बहुतेक चिठ्ठ्यांवर नसतं. तो निर्णय काउंटरवर होतो, पाच-दहा मिनिटांत, आणि बहुधा दर ऐकून: साधी, त्याहून बरी, भारी.

दराच्या आधी एक माप हवं, आणि ते दुकानात घेता येत नाही. शिवणाच्या डब्यातली टेप काढा. रोज जसे बसता तसेच बसा. दिवसात सगळ्यात जास्त वेळ नजर ज्या वस्तूवर असते, ती डोळ्यापासून किती सेंटिमीटरवर आहे हे घरातल्या कुणाला तरी मोजायला सांगा. मोबाइल ३०-३५ वर निघतो. वर्तमानपत्र, पोथी, वही ४० च्या आसपास. टेबलावरचा कॉम्प्युटर ६० ते ७०. हार्मोनियमपलीकडे स्टँडवर ठेवलेली नोटेशनची वहीसुद्धा जवळपास तेवढ्याच अंतरावर येते. सयाजीरावांच्या आश्रयाने गायक मौलाबख्शांनी १८८६ साली इथे वडोदऱ्यात गायनशाळा सुरू केली, तेव्हापासून स्वरलिपी समोर ठेवून शिकणारे या शहरात आहेत. त्यामुळे हे गिऱ्हाईक रावपुऱ्याला नवीन नाही.

आता या मापाचं काम. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठरत जातं आणि जवळचं दिसायला बाहेरून प्लस नंबर द्यावा लागतो. हिशेब तोंडी करण्यासारखा आहे: १०० ला त्या प्लस नंबराने भागायचं, उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं. अडीचला ४०. दीडला ६७. ज्याला लांबचा नंबर नाही त्याने अडीचची चाळिशी लावली, तर ४० च्या अलीकडचं डोळा थोडंफार सांभाळून घेतो; पलीकडे जाणं त्याच्या हातात नसतं. ६५ वरचा स्क्रीन धूसरच राहणार. मग माणूस खुर्ची पुढे ओढतो, मान पुढे काढतो, आणि रात्री मान धरली म्हणून बाम चोळत बसतो. डॉक्टर जवळचा नंबर काढताना साधारण ४० धरतात. तुम्ही ६५ सांगितलेत तर ६५ साठी वेगळा नंबर काढून देतील. न सांगता त्यांना कळणार कसं?

[दृश्य: दोन काचा शेजारी शेजारी. एकीत खाली चकती दिसते, दुसरी एकसंध.]

बायफोकल, म्हणजे वर लांबचा आणि खाली चकतीत जवळचा नंबर असलेल्या काचा, अजून मिळतात आणि त्यांना नाकं मुरडायचं कारण नाही. गोल चकतीची केटी, वरून सपाट असलेली डी. ज्यांचं सगळं पाहणं टीव्ही आणि पोथी या दोन टोकांत आहे, त्यांना डी बायफोकलमध्ये वाचायला रुंद जागा मिळते, तीही कमी पैशांत. मधलं अंतर मात्र त्यात नसतं.

प्रोग्रेसिव्हमध्ये वर लांबचं, खाली जवळचं, आणि मध्ये एक अरुंद पट्टा असतो, ज्यात नंबर हळूहळू चढत जातो. त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना धूसरपणा असतोच. भारी काचेत तो कमी आणि सौम्य असतो, पण नसतो असं नाही. कॉम्प्युटर या अरुंद पट्ट्यातूनच पाहावा लागतो. म्हणून दिवसाचे आठ तास स्क्रीनपुढे बसणाऱ्याने प्रोग्रेसिव्हच्या जोडीला ऑफिस लेन्सचा दुसरा चष्मा करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिच्यात मधला भाग रुंद असतो आणि लांबचं सोडून दिलेलं असतं. ती घालून गाडी चालवायची नाही.

प्रोग्रेसिव्ह बिघडते ती काचेमुळे कमी, मापामुळे जास्त. नीट पाहा, माप कसं घेतात.

[दृश्य, अगदी जवळून: फ्रेममधली नमुन्याची काच, त्यावर मार्करचा ठिपका पडतो.]

आधी फ्रेम चेहऱ्यावर बसवायची. नोजपॅड वाकवून, काड्या कानामागे घट्ट करून. हे सगळं झाल्यावरच खूण. माप घेणारा गिऱ्हाइकाच्या समोर, त्याच उंचीवर बसतो.

«काकू, मान सरळ. माझ्या या डोळ्याकडे बघा. आता त्या.»

«मी वाचताना मान अशी वर करते हो.»

«वाचताना करा. आत्ता नको. आत्ता रस्त्यावर चालताना जशी असते तशी ठेवा.»

बाहुलीच्या बरोबर समोर ठिपका. ठिपक्यापासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे फिटिंगची उंची. नेहमीच्या डिझाइनला १८ मिलिमीटरच्या आसपास लागते. आखूड पट्ट्याच्या काचा १४ मध्येही बसतात, पण त्यात नंबर भरभर चढतो आणि मधलं अंतर आणखी आकसतं. बारीक, चपटी फ्रेम आवडली असेल तर हा सौदा माहीत असू द्या. दुसरं माप पीडी, दोन बाहुल्यांमधलं अंतर. हे प्रत्येक डोळ्याचं नाकाच्या मध्यापासून वेगळं घ्यायचं. ६३ चे सरळ दोन भाग करून साडेएकतीस-साडेएकतीस लिहिणाऱ्याला थांबवा; नाक मधोमध असलेले चेहरे वाटतात तितके नसतात.

चूक कुठे झाली ते चष्मा घालणाऱ्याच्या मानेवरून कळतं. लांबचं पाहायला हनुवटी खाली दाबावी लागते? काच वर बसली आहे. वाचायला हनुवटी वर करावी लागते? खाली बसली आहे. पुस्तकाची एकच बाजू स्पष्ट दिसते? पीडी तपासा. साध्या नंबरातही पीडी चुकला तर भोगावं लागतं: पाच नंबरची काच चार मिलिमीटर सरकली तर दोन प्रिझमचा ओढा तयार होतो (प्रिझम म्हणजे काच दृश्य किती बाजूला सरकवते त्याचं माप), आणि डोकं दुखायला तेवढा पुरतो. सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात हे खरं. पण माप चुकलेल्या काचेची सवय लागायची वाट पाहत बसू नये.

प्रोग्रेसिव्हची ओळखपरेडही करता येते. काच ट्यूबलाइटसमोर तिरपी धरा. एकमेकांपासून ३४ मिलिमीटरवर दोन बारीक कोरीव खुणा दिसतील. बाहेरच्या, म्हणजे कानाकडच्या खुणेखाली अ‍ॅडिशनचा आकडा असतो: २० लिहिलं असेल तर दोन. नाकाकडच्या खुणेखाली कंपनीचं किंवा डिझाइनचं चिन्ह असतं. बिलावर एक आणि काचेवर दुसरंच, हे इथेच पकडता येतं.

आणि जिना. दांडिया बाजारातल्या जुन्या घरांचे जिने उभे, पायऱ्या अरुंद. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल लावून नुसती नजर खाली टाकली, तर पायरी वाचायच्या नंबरातून दिसते, म्हणजे धूसर. नजर नव्हे, मान खाली करायची. ज्यांचा तोल आधीच जातो अशा आजी-आजोबांना बाहेर फिरायला फक्त लांबच्या नंबराचा साधा चष्मा जास्त सुरक्षित.

काहींचं जवळचं काम डोक्यावर असतं: छताला पंखा बसवणारा इलेक्ट्रिशियन, वरच्या फळीवरची औषधं वाचणारा मेडिकलवाला. त्यांना जवळचा नंबर काचेच्या वरच्या भागातही देता येतो. असं काम असेल तर तसं दुकानात सांगायचं, एवढंच.

[दृश्य: दोन फ्रेमांच्या काड्यांची आतली बाजू. एकीवर ५४-१८, दुसरीवर ४८-१८.]

आता जाडी. मायनस नंबर मोठा असला की पहिला सल्ला मिळतो तो «थिन काच घ्या» असा. त्याआधी काडीच्या आत लिहिलेले हे आकडे वाचा. पहिला काचेच्या रुंदीचा, दुसरा नाकावरच्या पुलाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दोहोंची बेरीज आपल्या पीडीच्या जितकी जवळ, तितकी कड पातळ. मायनस सहा नंबर आणि ६२ पीडी धरू. साध्या दीड इंडेक्सच्या फायबरमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या काचेत (इंडेक्स म्हणजे काच प्रकाश किती वळवते तो आकडा; तो मोठा तितकी काच पातळ), ५४-१८ ची फ्रेम घेतली तर कानाकडची कड आठ मिलिमीटरच्या वर जाते. तीच काच ४८-१८ मध्ये सहाच्या आसपास. आणि मोठी फ्रेम ठेवून १.६७ ची महागडी काच घातली तरी येतं साधारण सहाच. म्हणजे सहा मिलिमीटरनी लहान फ्रेम जे काम फुकटात करते, त्यासाठी लोक हजारो रुपये मोजतात. आधी फ्रेम लहान आणि गोलसर घ्या, मग गरज उरली तर १.६० कडे जा. १.६७ मध्ये रंग जास्त फुटतात. काचेच्या कडेतून ट्यूबलाइट पाहिली तर तिला निळी-पिवळी किनार दिसते. मोठ्या नंबराला ती तडजोड परवडते, दोन-अडीच नंबराला ती करायचं काही कारण नाही.

[दृश्य: मकरपुरा जीआयडीसी. लेथ चालू आहे, लोखंडाचा कीस उडतो.]

इथे पातळ-जाड हा प्रश्नच नाही. इथे पॉलिकार्बोनेट. त्यातून दिसणं साध्या फायबरइतकं निखळ नसतं, पृष्ठभाग मऊ असल्यामुळे वर हार्ड कोट लागतोच, पण कण आदळला तर ती सहजी फुटत नाही. तरीही नेहमीच्या फ्रेममधली पॉली म्हणजे सेफ्टी गॉगल नव्हे. कण बाजूने येतो, आणि साध्या फ्रेममधून काच आतल्या बाजूला निसटू शकते. ग्राइंडिंगला चष्म्यावरून बसणारा, बाजू झाकलेला गॉगल हवा. नंदेसरीकडच्या केमिकलच्या कारखान्यांत काम असेल तर आणखी एक: अ‍ॅसिटोन किंवा थिनरच्या फडक्याने पॉलीची काच पुसली की कडेपासून बारीक तडे जातात. घरात नेलपॉलिश काढायचं द्रव तेच करतं. लहान मुलांनाही पॉलीच.

[दृश्य: हालोलकडे जाणारा रस्ता, सकाळचं ऊन समोरून.]

वडोदऱ्याहून रोज हालोलला जाणाऱ्याला ऊन दोन्ही वेळा तोंडावर: सकाळी पूर्वेला जाताना, संध्याकाळी पश्चिमेला परतताना. त्याला दुकानात हमखास डे-नाइट, म्हणजे उन्हात आपोआप काळी होणारी काच सुचवतात. ती काळी होते ती अतिनील किरणांमुळे, आणि गाडीची पुढची काच ते किरण अडवते. म्हणून गाडीत बसल्यावर ती जेमतेम सावळी होते. हेल्मेटची पॉलिकार्बोनेटची काच खाली ओढली तरी तेच. शिवाय उष्णतेत ती कमी काळी होते: जानेवारीच्या सकाळी जी गर्द होते, ती मे महिन्याच्या ४२ अंशांत फिकट राहते. दुकानातून घरात, घरातून शाळेत अशी ये-जा करणाऱ्याला ती सोयीची. गाडी चालवणाऱ्याला नंबराचा पोलराइज्ड गॉगल. तो रस्त्यावरून आणि बॉनेटवरून उसळणारी तिरीप कापतो. त्याची खोड अशी की काही डिजिटल मीटर आणि मोबाइलचे स्क्रीन एका कोनात काळे दिसतात. घेण्याआधी आपल्या गाडीच्या मीटरवर पाहून घ्या.

उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, पतंगांसाठी दोन दिवस गच्चीवर आभाळाकडे पाहायचं असतं. तेव्हा काच किती काळी याहून ती ४०० नॅनोमीटरपर्यंतचे, म्हणजे अतिनील किरण अडवते का हे महत्त्वाचं. नुसती काळी, पण अतिनील न अडवणारी काच वाईट: अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण जास्तच आत जातात.

ब्ल्यू कट, म्हणजे निळा प्रकाश अडवते म्हणून विकली जाणारी काच, तिच्याबद्दल थोडक्यात. दुकानात निळ्या टॉर्चचा झोत काचेवर मारून दाखवतात, पलीकडे कार्डावर काही उमटत नाही, आणि गिऱ्हाईक खूश. त्या टॉर्चचा प्रकाश बहुधा ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे जांभळा. स्क्रीनच्या निळ्याचं टोक ४५० च्या जवळ असतं. टॉर्च अडली म्हणून स्क्रीन अडला असं होत नाही. २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या. कॉम्प्युटरवरच्या कामाने येणारा डोळ्यांचा थकवा अशा काचांनी, निदान थोड्या काळात तरी, कमी होत असल्याचं त्यांत दिसलं नाही. डोळे चुरचुरतात ते बहुतेक पापणी कमी लवते म्हणून, किंवा वर सांगितलेलं अंतर चुकलेलं असतं म्हणून.

तेच पैसे अँटी-ग्लेअरवर, म्हणजे काचेवरची चमक कमी करणाऱ्या थरावर घाला. साध्या काचेच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून आठ टक्के प्रकाश परत फिरतो, १.६७ वरून बारा टक्क्यांच्या वर. रात्री समोरच्या ट्रकचे दिवे काचेत दुहेरी दिसतात ते त्यामुळे. पिवळे «नाइट गॉगल» आधीच कमी असलेला प्रकाश आणखी कमी करतात, ते नकोत.

[दृश्य, जवळून: काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा.]

हे अँटी-ग्लेअरचं कोटिंग उष्णतेने गेलं. उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवला की प्लास्टिक फुगतं, वरचा पातळ थर तितका फुगत नाही, आणि फाटतो. यावर इलाज नाही, काच बदलावी लागते. गरम पाण्याने धुतल्यावरही हेच. नळाच्या साध्या पाण्याखाली आधी धूळ जाऊ द्या, भांड्याच्या साबणाचा एक थेंब बोटावर घेऊन दोन्ही बाजू चोळा, धुवा, मग मऊ फडकं. कोरडी काच ओढणीने किंवा सदऱ्याच्या टोकाने पुसणं म्हणजे धुळीने घासणं.

चष्मा हाती आला की दुकानातल्या लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायचं यंत्र) नंबर आपल्यासमोर तपासून घ्या, सिलिंडरचा अ‍ॅक्सिस धरून. काचेचं पाकीट मागून घ्या. त्यावर इंडेक्स, कोटिंग आणि नंबर छापलेला असतो. ते बिलासोबत ठेवा. काच बदलून मागायची वेळ आली, की काउंटरवर तेच कामाला येतं.