कावेरीकाठचा फिशिंग कॅम्प आणि त्याची वही

कावेरी म्हटलं की आपल्याकडं लोकांना पाणीवाटपाचं भांडण आठवतं, फारतर कूर्गची कॉफी. पण जगभरात जे लोक गळ टाकून मासे पकडतात ना, त्यांच्यासाठी कावेरी म्हणजे एकच गोष्ट, महाशीर. आणि तोही साधा नाही, पाठीला डोक्यामागनंच उंचवटा असलेला, शेपटी आणि पर केशरी झाक मारणारे, मोठ्या माणसाला दोन्ही हातांनी उचलताना धाप लागेल एवढा. या व्हिडिओत तो मासा आहे, त्याच्यामागं नदीवर उभे राहिलेले कॅम्प आहेत, आणि त्यातला एक छोटा कॅम्प जो आम्ही पाडताना बघितला त्याची आठवण आहे.

जागा कुठली ते आधी सांगतो. बंगळुरूहून साधारण शंभर किलोमीटरवर, शिवनसमुद्रच्या धबधब्यांच्या खाली कावेरी जंगलात शिरते आणि पुढं संगमला अर्कावती येऊन मिळते, मग मेकेदाटूची ती अरुंद घळ जिथं एवढी मोठी नदी दगडाच्या फटीतनं जाते. मधल्या पट्ट्यात मुत्तत्ती, भीमेश्वरी, दोड्डमक्कळी, गालिबोरे ही गावं आणि ठिकाणं. मुत्तत्तीला मारुतीचं देऊळ आहे, सीतामाईचा दागिना नदीत पडला आणि हनुमंतानं शेपटीनं ढवळून काढून दिला असं तिथले लोक सांगतात. काठावर अर्जुनाची प्रचंड झाडं, मुळं पाण्यात, पलीकडच्या काठाला संध्याकाळी हत्ती, दगडावर मगर, डोहात पाणमांजरं. १९८७ पासून हे सगळं कावेरी वन्यजीव अभयारण्य आहे.

इंग्रजांच्या काळापासून इथल्या माशाची कीर्ती होती. १९४६ साली मैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकानं कावेरीच्या खोऱ्यात १२० पौंडाचा महाशीर काढला, म्हणजे ५४ किलो, आणि गळानं पकडलेला सगळ्यात मोठा महाशीर म्हणून आजही त्याचंच नाव घेतात. हे तेच व्हॅन इंगेन, ज्यांचा मैसूरला मेलेल्या वाघ-बिबट्यांच्या कातडीत भुसा भरायचा मोठा कारखाना होता. पुढं इंग्रज गेले आणि बाहेरच्या जगाला वाटायला लागलं की तो मासा संपला, तर १९७७-७८ मध्ये काही इंग्रज तरुण रॉड, म्हणजे गळाची काठी, घेऊन भारतभर फिरत फिरत कावेरीवर पोचले आणि त्यांना अजस्र मासे लागले, त्याचे फोटो तिकडं छापून आले आणि परत लोकांची रीघ सुरू झाली.

पण त्याच्याही आधी, १९७२ साली, बंगळुरूच्या काही लोकांनी वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया ही संस्था काढली होती आणि नदीचा एक तुकडा लीजवर घेऊन राखायला सुरुवात केली होती, मला विचाराल तर खरं काम हे आहे. कारण त्या वेळी नदीत सुरुंग लावून मासे मारायचे. एक बार उडवला की डोहातलं सगळं वर, लहान मोठं काही बघायचं नाही, आणि जेवढं वर येतं त्याच्यापेक्षा जास्त तळाला मरून पडतं. मग १९८० च्या दशकात कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेस या पर्यटन कंपनीनं भीमेश्वरीला कॅम्प टाकला, नंतर दोड्डमक्कळी, गालिबोरे. नियम एकच, मासा पकडा, वजन करा, फोटो काढा, सोडून द्या.

आमचा कॅम्प या मोठ्या नावांपैकी नव्हता. नाव घेत नाही. पत्र्याच्या छपराची एक लांब शेड, चारपाच तंबू सिमेंटच्या ओट्यांवर, एक स्वयंपाकघर ज्याच्या भिंती बांबूच्या, आणि नदीकडं उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. मी पुण्याहून बंगळुरूला नोकरीला गेलो तेव्हा ऑफिसातले एक सीनियर मला तिथं घेऊन गेले. मला मासेमारीचं काही कळत नव्हतं, आमच्या घरात मासा ताटात सुद्धा नाही, पण पहिल्या रात्री शेडमधल्या भिंतीवरचे फोटो बघून मी जो गुंतलो तो गुंतलोच. जुने कृष्णधवल, नंतरचे कलर पण पिवळे पडलेले, प्रत्येकात एक ओला माणूस आणि त्याच्या मांडीवर एक मासा आणि दोघांच्या मागं एक बारीक अंगाचा काळासावळा माणूस, बहुतेक वेळा फोटोत अर्धाच आलेला.

तो अर्धा आलेला माणूस म्हणजे गाइड. आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णांचे वडील सुरुंग लावणाऱ्यांत होते आणि अण्णा स्वतः लहानपणी त्यांच्याबरोबर जायचे, हे त्यांनीच सांगितलं, लपवलं नाही कधी. कावेरीवरच्या सगळ्याच कॅम्पचं हे वैशिष्ट्य होतं की कालच्या चोरट्या शिकाऱ्यालाच गाइड करायचं नाहीतर वॉचर करायचं, पगार द्यायचा, कारण मासा कुठं असतो आणि रात्री कोण कुठनं येतो हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही. अण्णांना नदीतला प्रत्येक खडक नावानं माहीत होता. पाणी वरच्या धरणातनं सोडलं की काठच्या कुठल्या दगडावर ओल किती चढली ते बघून सांगायचे, आज नाही, उद्या दुपारी.

आमिष नाचणीचं. याच्यावर मी तासभर बोलू शकतो. नाचणीचं पीठ मळून मोठा गोळा करायचा, तो पाण्यात उकळून शिजवायचा, मग परत मळायचा, इतका की प्रवाहात टाकला तरी फुटता कामा नये, आणि त्यात काय मसाला घालायचा हे कुठलाच गाइड दुसऱ्याला सांगायचा नाही. लिंबाएवढे नाहीतर संत्र्याएवढे उंडे. कधी नदीतला खेकडा. महाशीरच्या तोंडात दात नसतात बघा, दात घशात असतात, खेकडा गिळला की आत चुरा, आणि चुकून चांगल्यातला चांगला गळ तिथवर गेला तर त्याचीही वाट लागते.

मग वाट बघायची. खडकावर बसायचं, लाइन, म्हणजे गळाची दोरी, बोटावर घ्यायची, तास जातात, दिवस जातात. कुणी बोलत नाही. बारके मासे टोचत राहतात ते बोटाला कळतं, आणि मोठा आला की टोचणं बिचणं काही नाही, सरळ रॉड वाकतो आणि दोरी गुंडाळलेलं रील किंचाळायला लागतं आणि लाइन सुटत जाते, सुटतच जाते, आणि शेजारून अण्णांचा आवाज, निधान सार, निधान, म्हणजे हळू, दमानं. मासा खडकांच्या मागं जाऊन लाइन अडकवतो, मग हरिगोलमध्ये बसून त्याच्या मागं. हरिगोल म्हणजे तिथली गोल नाव, मोठ्या परातीसारखी, बांबूची विणलेली आणि खालून मढवलेली, एकाच वल्ह्यावर, आणि प्रवाहात ती गरगर फिरते आणि तुमच्या हातात रॉड आणि खाली मगरी असलेली नदी. भीती वाटायची, खोटं कशाला सांगू.

काठाला आला की वजन, फोटो, आणि सोडायचं. त्या काळी ओठातनं मऊ दोरी ओवून मासा पाण्यातच बांधून ठेवायचे फोटो होईपर्यंत, आज तसं करू नये, माशाला त्रास होतो हे आता माहीत आहे. पण सोडताना अण्णा जे करायचे ते मला आजही बरोबर वाटतं, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून माशाचं तोंड प्रवाहाकडं करून धरून ठेवायचं, दहा मिनिटं लागोत का वीस, कल्ले नीट चालायला लागेपर्यंत, आणि मग तो स्वतः शेपटी मारून निघून जातो, आपण सोडायचं नाही, त्यानं जायचं.

आणि मग वही. लांब, जाड पुठ्ठ्याची, सरकारी ऑफिसात असते तसली. तारीख, कुठल्या खडकापाशी, किती तास बसलो, आमिष काय, वजन किती, पाणी कसं. काही मिळालं नाही तरी लिहायचं, त्याबाबतीत कॅम्पचे मॅनेजर फार कडक होते, म्हणायचे रिकामा दिवस पण नदीचाच दिवस आहे.

मग बंदी आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत पकडणं पण येतं, आणि अभयारण्यात शिकार नाही, मग सोडून देणार असलात तरी गळ टाकणं बसत नाही. २०१२ पर्यंत अभयारण्याच्या हद्दीतली रॉडची मासेमारी पूर्ण थांबली. भीमेश्वरी, गालिबोरेचे कॅम्प निसर्ग पर्यटनाकडं वळले, तिथं आजही लोक जातात, हरिगोलमध्ये बसतात, पक्षी बघतात. छोट्या कॅम्पना ते जमणारं नव्हतं. कायद्यामागचा विचार मला कळतो, अभयारण्यात एकाला सूट दिली की दुसरा मागतो. पण कॅम्पबरोबर वॉचर पण गेले ना. २०१३ मध्ये करंट सायन्स या नियतकालिकात पिंडर आणि राघवन या संशोधकांनी हेच मांडलं, की गळवाल्यांच्या पैशावर नदीची जी राखण चालायची ती उठली तर चोरट्या मासेमारीला रान मोकळं होतं. ज्या काठावर रात्रभर दोन माणसं बॅटरी घेऊन फिरायची तिथं आता कोण फिरतं, हा प्रश्न मला बंदीपेक्षा मोठा वाटतो.

कॅम्प पाडला तेव्हा आम्ही काही जण मुद्दाम गेलो होतो. हे शॉट्स तेव्हाचेच, साध्या मोबाइलचे, हललेले आहेत, तसेच ठेवलेत. आधी पत्रे उतरवले, त्याचा फार आवाज होतो, पलीकडच्या काठावरची माकडं ओरडायला लागली. मग बांबू. तंबूचे ओटे घणानं फोडले आणि मलबा भरून नेला. पायऱ्या ठेवल्या, त्या दगडाच्या आहेत, नदीच काय ते करेल. भिंतीवरचे फोटो ज्याला जे हवं ते त्यानं घेतलं. अण्णा सगळा वेळ तिथं होते, हात लावत होते, खिळे वेगळे काढून डब्यात भरत होते, खिळे कामाला येतात म्हणाले. वह्या कुठायत विचारलं तर कळलं की आदल्या दिवशी जो टेम्पो कागद आणि बाटल्या घेऊन गेला त्यात गेल्या. वीसेक वर्षांची नदी रद्दीत.

मला त्या वह्यांचं इतकं का लागून राहिलं ते आता सांगतो, आणि इथं गोष्ट आपल्या महाराष्ट्रात येते.

गालिबोरेच्या कॅम्पची नोंदवही टिकली. १९९८ ते २०१२. संशोधकांनी ती बसून वाचली आणि त्यातनं जे निघालं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. माशांची संख्या वाढलेली, पण सरासरी वजन उतरलेलं, कारण नदीतला मासाच बदलला होता. केशरी परांचा, पाठीला उंचवटा असलेला कावेरीचा स्वतःचा महाशीर कमी कमी होत गेला आणि त्याच्या जागी निळसर परांचा महाशीर. हा निळा कुठला? तर आपला. शास्त्रीय नाव टॉर खुद्री, १८३९ साली कर्नल साइक्सनं त्याचं वर्णन केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आपल्याकडं त्याला खडशी म्हणतात. महाडजवळ वाळणकोंडला देवीचे मासे म्हणून लोक ज्यांना खायला घालतात, ते हेच.

लोणावळ्याला वळवण धरणापाशी टाटांचं महाशीरचं हॅचरी केंद्र आहे, १९७० च्या दशकापासूनचं. धरणांमुळं महाशीरची वर जाऊन अंडी घालायची वाट बंद झाली, मासा संपत चालला होता, तो वाचवायला तिथं अंडी फलित करून पिल्लं वाढवायची पद्धत बसवली आणि ती पिल्लं वेगवेगळ्या राज्यांत गेली. मन लावून केलेलं काम आहे ते, मी बघून आलोय. त्यातली पिल्लं कावेरीच्या खोऱ्यात पण सोडली गेली. महाशीर तो महाशीर, असंच तेव्हा सगळे समजत होते. पण पाहुणा मासा तिथं रुजला आणि घरचा मागं पडला. एकट्या त्याच्यामुळं नाही, धरणं आहेत, वाळूउपसा आहे, सुरुंग आहेत, पण संशोधक याला मोठं कारण धरतात.

आणि सगळ्यात जीवाला लागणारी गोष्ट म्हणजे ज्या माशासाठी शंभर वर्षं जगभरातनं माणसं येत होती त्याला धड शास्त्रीय ओळखच नव्हती. २०१८ साली कावेरीच्याच खोऱ्यातल्या मोयार नदीतल्या माशांवरून नक्की झालं की हा टॉर रेमादेवी, जो त्याआधी केरळातल्या पांबार नदीतून नोंदवलेला होता. त्याच साली त्याचं नाव अतिशय धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेलं. ओळख पटली आणि त्याच वर्षी तो शेवटच्या पायरीवर आहे हे पण कळलं. भिंतीवरच्या त्या फोटोंकडं आता बघितलं तर जुन्यांत उंच पाठी, कलरमधल्या आधीच्यांत केशरी शेपट्या, नंतरच्यांत निळसर. आम्ही रोज त्याच्यासमोर बसून चहा पीत होतो.

पुढं काय, तर मेकेदाटूला धरण बांधायचा कर्नाटकचा प्रस्ताव आहे, ६७ टीएमसीचा, तमिळनाडूचा विरोध आहे, भांडण चालू आहे. झालं तर सुमारे पाच हजार हेक्टर पाण्याखाली जाईल आणि त्यातलं बरंचसं अभयारण्यातलं जंगल आहे. बंगळुरूला पाणी लागतं, मी तिथं राहिलोय, टँकरच्या मागं मी पण पळालोय. तरी वाहती नदी लागणाऱ्या माशासाठी साठलेलं पाणी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

अण्णा आता मुलाकडं कनकपुऱ्याला असतात. त्यांच्याकडं बसून आम्ही नवीन वही सुरू केलीय, त्यांना आठवतं ते लिहून घेतोय, कुठला खडक, कुठलं साल, शेपटी कसली होती. साल त्यांना आकड्यात आठवत नाही, मोठी मुलगी झाली त्या वर्षी, असं आठवतं, त्यावरून आम्ही काढतो.

आणि तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी, आजोबा, काका, वडिलांचे मित्र, कावेरीवर, नाहीतर तिला मिळणाऱ्या कबिनीवर, भवानीवर मासेमारीला गेले असतील आणि फोटो असतील तर ते शोधा. फार जुना असला, फाटला असला तरी चालेल. शेपटीचा रंग दिसतोय का आणि पाठ डोक्यामागनं लगेच वर चढते का ते बघा, आणि मागच्या बाजूला साल आणि जागा पेन्सिलीनं लिहून ठेवा, ज्यांना माहीत आहे ते आहेत तोवर विचारून.