आधी गोंद, मग पॉलिश पेपर: रंगकामापूर्वी जुन्या पट्ट्या उतरवताना

(जवळून: बोलेरोचा मागचा दरवाजा, भेगाळलेली पट्टी)

वर्षानुवर्षं उन्हात उभी राहिलेली ही बोलेरो. दरवाजांवरून गेलेली शोभेची चिकट पट्टी आता भेगाळली आहे. नखानं ओढली की हातात तांदळाएवढा पोपडा येतो, बाकीची पट्टी जागची हलत नाही. ही पट्टी म्हणजे पीव्हीसी प्लॅस्टिकची पातळ फिल्म. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्याला लवचिक करणारी द्रव्यं त्यात मिसळलेली असतात आणि ऊन ती हळूहळू काढून घेतं. मग फिल्म आकसते, ठिसूळ होते. खालचा गोंद मात्र पत्र्याला घट्ट धरून राहतो.

गाडी पूर्ण रंगवायचीच आहे, मग सरळ सँडर (घासायचं यंत्र) फिरवला तर? इथेच काम बिघडतं. घर्षणानं गोंद वितळतो, पॉलिश पेपरचे दात भरतात आणि तोच गोंद ओरखड्यांत खोल जाऊन बसतो. वरून तो दिसत नाही. प्रायमरमधलं, म्हणजे रंगाआधीच्या थरातलं, थिनर त्याला भिजवतं तेव्हा तो फुगतो आणि नवा रंग सुरकुततो किंवा काही महिन्यांनी पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून आधी फिल्म, मग गोंद, आणि पॉलिश पेपर सगळ्यात शेवटी.

गाडी शाम्पूनं धुऊन कोरडी केली. आता हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र), कमी तापमानावर, पत्र्यापासून साधारण वीतभर अंतरावर आणि सतत हलती. पत्रा पन्नास-साठ अंशांपर्यंत तापला की पुरे. हाताची मागची बाजू टेकवा: चटका जाणवावा, पण क्षणभर तरी सोसवावा. गॅरेजात नेमकी चूक होते ती इथे. पत्रा थंड राहिला तर फिल्म तुटते. जास्त तापला तर गोंद लिबलिबीत होऊन फिल्मपासून सुटतो आणि सगळाच्या सगळा दरवाजावर राहतो. कंपनीचा मूळ रंग भट्टीत सुमारे 140 अंशांना भाजलेला असतो, तो एवढी ऊब सहज सोसतो. गॅरेजात पुन्हा मारलेला रंग आणि खालची लांबी (पुट्टी) तितकी सोसत नाहीत. फायबर-प्लॅस्टिकच्या भागांवर गन आणखी लांब धरावी. फिल्म जळू देऊ नये, जळत्या पीव्हीसीचा धूर घशाला आणि फुप्फुसांना घातक असतो. शटर उघडं ठेवूनच हे काम करावं.

(जवळून: बोटांत धरलेलं पट्टीचं टोक)

टोक प्लॅस्टिकच्या पातीनं उचललं. आता हात पाहा. पट्टी सरळ वर खेचलेली नाही, ती स्वतःवरच मागे दुमडून पत्र्यालगत ओढली जाते आहे, अगदी सावकाश. अशी ओढली की बराचसा गोंद पट्टीबरोबरच येतो. तुटली तर ओढणं थांबवावं आणि पुन्हा ऊब द्यावी. दरवाजाच्या कडेला पट्टी आत दुमडलेली असते. तो आतला तुकडा हमखास राहून जातो आणि नवा रंग पहिल्यांदा तिथूनच उचकटतो.

भेगाळून पार भुगा झालेल्या पट्टीला रबरी चाक बरं. ते साध्या ड्रिलला लावायचं. चाकावर लिहिलेली कमाल गती आधी वाचावी, बहुधा ती मिनिटाला 4000 फेऱ्यांच्या आसपास असते. अँगल ग्राइंडर दहा हजारांच्या वर फिरतो, त्याला हे चाक कधीही लावू नये, ते फुटून अंगावर येईल. चाक एका जागी थांबलं तर रंग करपतो.

आता गोंद. हीट गन बंद करून लांब ठेवली, कारण पुढचं द्रव्य पेट घेणारं आहे. मिनरल टर्पेंटाईन किंवा गोंद काढायचं तयार द्रावण फडक्यानं थापून वर प्लॅस्टिकचा कागद लावायचा आणि पाच-दहा मिनिटं मुरू द्यायचं. घाईनं घासलं तर गोंद फक्त पसरतो. मुरलेला गोंद प्लॅस्टिकच्या पातीनं गोळा होऊन निघतो. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर वापरू नये, गॅरेजात पूर्वी मारलेला रंग त्यानं मऊ पडतो. पेट्रोल तर मुळीच नको.

दरवाजावरची जाड बीडिंग (उठावदार पट्टी) फोम टेपवर असते. स्क्रूड्रायव्हरनं उचकटली की पत्र्याला पोचा पडतो. त्याऐवजी थोडी ऊब देऊन मासेमारीचा नायलॉन धागा मागून करवतीसारखा ओढावा. क्लिपांची बीडिंग असेल तर भोकांच्या कडेचा गंज खरवडून तिथे एपॉक्सी प्रायमर लावावा.

(तिरप्या प्रकाशात: पट्टीच्या जागेचा ठसा)

पट्टी गेली, तिचा ठसा मात्र उरला. झाकलेला रंग ताजा, भोवतालचा ऊन आणि पॉलिश खाऊन झिजलेला, त्यामुळे कडेला बारीक पायरी आहे. बोटाला जेमतेम लागते, पण चकचकीत क्लिअर कोटखाली (सगळ्यात वरच्या पारदर्शक थराखाली) ठळक दिसते. आधी शाम्पू, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हर (मेण-तेल काढणारं द्रावण): एका फडक्यानं ओलं लावायचं, उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्यानं टिपायचं. आता कुठे पॉलिश पेपर. काळा गाइड कोट (उंचसखलपणा दाखवणारा पातळ थर) फवारून कडक ब्लॉकवर 320 नंबरनं घासावं. पायरीलगतची काळी रेघ पुसली गेली की पृष्ठभाग सपाट. त्यावर टू-के सरफेसर (दोन घटक मिसळून मारायचा, रंगाखालचा भरणीचा थर), आणि तो सुकल्यावर 600 ते 800 चा वॉटर पेपर.

सरफेसर मारण्याआधी एक तपासणी सोडू नये. पत्र्यावर स्वच्छ पाणी ओतावं. सलग पसरून राहिलं तर ठीक. कुठे फाटलं, थेंब जमले, तर तिथे तेल, मेण किंवा सिलिकॉन शिल्लक आहे आणि त्या जागी रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतील. तेवढा भाग पुन्हा रिमूव्हरनं टिपावा, पुन्हा पाणी ओतून पाहावं, आणि पत्रा पूर्ण सुकल्यावरच स्प्रे गन हातात घ्यावी.