मांडवीत एकट्या निघालात तर

नमस्कार श्रोतेहो. थंडी पडली की आपल्या बडोद्यात पाहुण्यांची वर्दळ सुरू होते, आणि हल्ली कितीतरी जणी एकट्याच येतात. लक्ष्मी विलास पॅलेस बघून झाला की पावलं वळतात जुन्या शहराकडे. न्यायमंदिर, लहेरीपुरा दरवाजा आणि तिथून सरळ मांडवी, जुन्या शहराच्या मधोमध उभी असलेली कमानींची इमारत. त्यांना "एकटी कशाला जातेस?" असं मात्र म्हणू नका. आपल्या महाराणी चिमणाबाईंनी पडदा झुगारला, १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचं अध्यक्षपद भूषवलं. त्यांच्या गावात हा प्रश्न शोभतो का? आणि हो, रावपुऱ्यातला टॉवर त्यांच्या नावाचा नव्हे, तो आधीच्या चिमणाबाईंचा, म्हणजे सयाजीरावांच्या पहिल्या पत्नीचा. जुने बडोदेकरसुद्धा घोळ घालतात.

बरं, तर माझ्या वहिनीची मावशी. सोलापूरची, शाळेतून निवृत्त झालेली. भर दुपारी एकटीच मांडवी बघायला गेली. दुकानांची शटर्स अर्धी खाली, रस्ता सुस्त. मान वर करून ती कमानी बघतेय, तोच एक माणूस चिकटला. "माताजी, अंदर पुरानी हवेली है, दिखाता हूँ." नको म्हटलं, तरी मागोमाग. मावशी एका पोळमध्ये, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्लीत शिरली, तर हाही शिरला. पुढे गल्ली आणखी अरुंद, माणूस दिसेना.

एका ओट्यावर एक बा, म्हणजे गुजराती आजीबाई, मेथी निवडत बसल्या होत्या. मावशी सरळ त्यांच्या शेजारी जाऊन बसली. पर्स मांडीत घेतली, एक जुडी ओढली आणि लागली खुडायला. पिवळी पानं एकीकडे, देठ एकीकडे. बांनी चष्म्यावरून आधी हिच्याकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे, आणि खणखणीत आवाजात विचारलं, "कोनुं काम छे, भाई?" वरची खिडकी उघडली, सुनेनं डोकं बाहेर काढलं. समोरच्या घरातूनही कुणीतरी डोकावलं. गडी क्षणात पसार! मग चहा झाला, घरातला मुलगा मावशीला रिक्षात बसवून आला. वर बांनी तिचीच चूक काढली, देठ फार लांब ठेवता म्हणे.

म्हणून सांगते, मागे कुणी लागलं तर आत आत चालत जाऊ नका. बसा. ओट्यावर बसा, दुकानात बसा, शेवउसळीच्या गाडीवर उभ्या राहा, पण माणसांत राहा. पुन्हा सांगते, आत जायचं नाही, माणसांत थांबायचं. आणि हे ओटे तोडून स्कूटर लावायला जागा करणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार! ओटा गेला की बा घरात टीव्हीसमोर, मग गल्लीवर नजर कोण ठेवणार?

बाकी तुम्हाला ठाऊकच आहे. फोन चार्ज असू द्या, रिक्षात बसताना नंबर घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, ड्रायव्हरलाही ऐकू जाऊ द्या.

आणि गुजरातेत बायकांसाठी हेल्पलाइन आहे, १८१, अभयम. २०१५ पासून राज्यभर, दिवसरात्र, फुकट. समुपदेशक बाई बोलतात, गरज पडली तर गाडी येते, गाडीत महिला पोलीस असते. पोलीस तातडीनं हवे असतील तर ११२. पाहुणीच्या फोनमध्ये दोन्ही नंबर तुम्हीच घालून द्या. एक आठ एक. एक एक दोन.