मक्याच्या दारूत साखर कुठून आली?

(दृश्य: पहाटेचं धुकं. दाट झाडीतून खाली येणारा ओढा. फक्त पाण्याचा आवाज.)

हा ओढा जरा नीट पाहून घ्या. अमेरिकेच्या पूर्वेला ॲपलाचियन डोंगररांग आहे. व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी, केंटकी अशी राज्यं तिच्या अंगाखांद्यावर वसलेली. चोरट्या दारूची भट्टी शोधायला निघालेले अबकारी खात्याचे लोक इथे असाच एखादा ओढा धरून वर चढायचे. मका पोत्यात लपतो, तांब्याचं भांडं झुडपात लपतं, धूरसुद्धा पहाटेच्या धुक्यात लपून जातो. पण वाफ थंड करायला सतत वाहतं पाणी लागतं, आणि ओढा काही कुणाला उचलून नेता येत नाही.

आज आपण भट्टीपेक्षा भट्टीत काय पडतं ते बघणार आहोत. नाव मक्याच्या व्हिस्कीचं. पण तिच्यात मका किती आणि साखर किती, हा या डोंगरातला शंभर वर्षं जुना वाद आहे. त्याचा निकाल जिभेने क्वचितच लावला. तो लावला रस्त्यांनी, कायद्यांनी आणि वाण्याच्या दुकानातल्या भावाने.

(दृश्य: तळहातावर मक्याचे दाणे. कॅमेरा जवळ जातो.)

दाण्याच्या माथ्यावर ही खळी दिसते? वाळताना आतला मऊ स्टार्च आक्रसतो आणि माथा आत बसतो. याला तिथे ‘डेंट कॉर्न’ म्हणतात. दारूसाठी हाच हवा, कारण त्याच्या पोटात स्टार्च भरपूर. आपल्याकडे गाडीवर लोणी-तिखट लावून मिळतो तो स्वीट कॉर्न इथे उपयोगाचा नाही. ओला असताना गोड लागतो खरा, पण वाळला की सुरकुतून एवढासा होतो. हाती येतं ते टरफल.

डेंटमध्येही आवडीनिवडी आहेत. ‘हिकरी किंग’ पांढरा, टपोऱ्या दाण्याचा. ‘ब्लडी बुचर’ गडद लाल. आणि साउथ कॅरोलायनाच्या किनारपट्टीवरचा ‘जिमी रेड’, चोरून दारू गाळणाऱ्यांचा लाडका आणि एकेकाळी जवळजवळ नामशेष झालेला. थोड्याशा बियाण्यावरून तो पुन्हा वाढवला गेला, आणि आता चार्ल्स्टनमधली ‘हाय वायर’ ही डिस्टिलरी त्याची व्हिस्की विकते, अगदी रीतसर, कर भरून.

एक गोष्ट मात्र तिथले जुने लोक बजावून सांगतात: पेरणीचं बियाणं भट्टीकडे आणायचंच नाही. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं.

(दृश्य: ओल्या गोणपाटावर मोड आलेले दाणे.)

आता खरी अडचण. मक्यात स्टार्च आहे, आणि साखर खाऊन दारू तयार करणाऱ्या यीस्टला स्टार्च खाता येत नाही. त्याला साखर लागते. मग दाण्यातल्या स्टार्चची साखर करायची कोणी? दाण्यानेच. धान्याला मोड आला की कोंबाला वाढण्यासाठी अन्न लागतं, आणि दाणा आपल्याच साठ्याचं कुलूप उघडणारी एन्झाइम तयार करतो. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून आपण बाळाला जी खीर देतो, ती गोडसर आणि पातळ का होते? त्याच कारणाने.

युरोपात हे काम सातूचं. पण अठराव्या शतकात आयर्लंडच्या अल्स्टर भागातून जे स्कॉट-आयरिश लोक या डोंगरात आले, त्यांनी गाळण्याची विद्या बरोबर आणली आणि धान्य मात्र इथलं उचललं. मका इथल्या मूळ रहिवाशांचं पीक. उतारावर, खडकाळ जमिनीत, नुकतीच झाडं तोडलेल्या रानातही तो उभा राहायचा. ज्यांना सातू मिळत नसे ते मक्यालाच मोड आणत. पोतं भिजवायचं, उबेसाठी खताच्या ढिगात पुरायचं, कोंब आले की वाळवून भरडायचं. खताच्या ढिगाचं ऐकून नाक मुरडू नका. थंडीच्या दिवसांत डोंगरात फुकटात मिळणारी ऊब तेवढीच.

मक्याचा स्टार्च नीट फुलायला जवळजवळ उकळी लागते. मोडाच्या पिठातली एन्झाइम मात्र 70 अंशांच्या वर फार तग धरत नाहीत. म्हणून आधी भरड मका शिजवायचा, 65 अंशांच्या आसपास उतरू द्यायचा आणि मग मोडाचं पीठ ढवळायचं. पळी उभी राहील असं घट्ट पिठलं थोड्या वेळात आंबिलीसारखं सैल होतं. चाखलं तर गोड. तिथे या मिश्रणाला ‘मॅश’ म्हणतात. आपल्याकडच्या पोलिसी बातम्यांत जे ‘कच्चं रसायन’ ओतून नष्ट केलं जातं, त्याचा हा मक्यातला भाऊ.

राय हे गव्हासारखं धान्य घातलं की मसालेदार झोंब येते, गहू घातला तर चव मवाळ होते. अमेरिकी नियमाप्रमाणे ‘कॉर्न व्हिस्की’ म्हणवून घ्यायचं तर मॅशमधल्या धान्यात किमान 80 टक्के मका हवा. बर्बन या दुसऱ्या अमेरिकी व्हिस्कीला 51 टक्के पुरतो.

(दृश्य: जुनं चित्र. डोंगरवाटेने जाणारा लादलेला घोडा.)

पण मका विकायच्या ऐवजी गाळायचा कशाला? घोड्याला विचारा. एका बुशेल मक्याचं वजन 25 किलोच्या वर. घोडा असे फार तर चार बुशेल डोंगरापलीकडच्या बाजारात नेणार. तोच मका दारू होऊन निघाला तर एका फेरीत कितीतरी पट पीक पोहोचतं, आणि पिंपात कीडही लागत नाही. पैसा दुर्मीळ, त्यामुळे दारू हेच चलन. म्हणून 1791 मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने दारूवर कर बसवला तेव्हा पश्चिम पेनसिल्व्हेनियाचे शेतकरी पेटून उठले. 1794 मध्ये सुमारे 13 हजारांचं सैन्य घेऊन खुद्द राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन निघाले. कर 1802 मध्ये गेला, यादवी युद्धाच्या खर्चासाठी 1862 मध्ये परतला, आणि मग गेलाच नाही. रात्री चंद्राच्या उजेडात चालणारा धंदा म्हणून ‘मूनशाइन’, तो इथून पक्का झाला.

तरीही इथवर भट्टीत मकाच होता.

(दृश्य: साखरेच्या पोत्यांची थप्पी. ट्रकचा आवाज.)

1920 ला देशभर दारूबंदी आली आणि हिशेब पालटला. घरापुरती, गावापुरती गाळणाऱ्या माणसाला आता शहरं गिऱ्हाईक म्हणून मिळाली. मोड आणायला दिवस जातात, मका शिजवायला लाकूड आणि वेळ जातो, आणि प्रत्येक जादा दिवस म्हणजे धाड पडायची जादा भीती. साखरेला यातलं काही नको. पाण्यात विरघळवली की यीस्ट लगेच कामाला लागतं. 1 किलो साखरेतून कागदावर अर्धा किलोच्या थोडं वर अल्कोहोल निघतं. मग मका उरला कशाला? वासापुरता आणि नावापुरता.

व्हर्जिनियातल्या फ्रँकलिन काउंटीतल्या चोरट्या दारूच्या कटाचा 1935 मध्ये मोठा खटला चालला, तेव्हा हे आकडे चव्हाट्यावर आले. जेमतेम 24 हजार वस्तीच्या या भागात काही वर्षांत सुमारे 3 कोटी 38 लाख पौंड साखर उतरली होती, म्हणजे दीड कोटी किलो. मक्याचं पीठ 1 कोटी 33 लाख पौंड. मक्याच्या दारूत मक्यापेक्षा अडीच पट साखर! इतक्या साखरेचे लाडू करायचे तर व्हर्जिनियाला बेसन पुरलं नसतं.

बरं, साखर कोणती? उसाचीच हवी, बीटची नको, असं पुष्कळ जुने गाळणारे शपथेवर सांगत. शुद्ध पांढऱ्या साखरेत खरं तर फरक करायला जागा नाही, दोन्ही सुक्रोजच. तपकिरी साखर किंवा काकवी वापरली तर मात्र चव रमच्या वाटेला लागते. डोंगरात काकवी असायची ती गोड ज्वारीच्या धाटांची. हो, आपल्याच ज्वारीची ही बहीण, कणसाऐवजी रसासाठी वाढवलेली.

निव्वळ साखरेत एक उणीव असते. यीस्टला नत्र लागतो, आणि साखरेत तो नसतो. धान्यातून मिळतो. म्हणून हुशार गाळणारे वापरलेला मका फेकत नसत. पहिली धार उतरवली की तोच चोथा, त्यावर उरलेलं आंबट पाणी आणि नवी साखर. दुसरा घाणा, तिसरा, चौथा. प्रत्येक वेळी मका थोडा आणखी दमलेला. आपल्या हातभट्टीत काळ्या गुळाबरोबर नवसागर का असतो, याचं उत्तरही इथेच सापडेल. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, आणि त्यात नत्र आहे.

या साखरी दारूला तिथे ‘शुगरहेड’ म्हणत. पिणाऱ्याचं डोकं दुसऱ्या दिवशी दुखतं म्हणून. माझ्या मते बिचाऱ्या साखरेवर हा आळ आहे. डोकी दुखत ती घाईघाईत, पहिली आणि शेवटची धार वेगळी न काढता विकलेल्या मालाने. त्याहून वाईट म्हणजे, वाफ थंड करायला मोटारीचे जुने रेडिएटर वापरले जात आणि त्यांच्या सांध्यांना दिलेल्या डागातलं शिसं थेट दारूत उतरे. मालाडच्या मालवणीत 2015 मध्ये शंभरावर माणसं गेली, तो दोष तर ना गुळाचा होता ना धान्याचा. ते मेथनॉल होतं.

(दृश्य: रेशनचं पुस्तक. मग सत्तरच्या दशकातलं किराणा दुकान.)

साखरेने धंदा फुगवला आणि साखरेनेच तो खाली आणला. महायुद्धात 1942 पासून साखर रेशनवर गेली. पुढे 1974 मध्ये भाव असे कडाडले की चोरटी दारू स्वस्त राहिलीच नाही. जे काम धाडींनी शंभर वर्षांत जमवलं नव्हतं, त्यातलं बरंचसं भावाने एका फटक्यात केलं.

घरी गाळणं आजही तिथे गुन्हा आहे, जसा तो आपल्याकडे आहे. पण परवाना घेऊन गाळणारे वाढले. टेनेसीच्या गॅटलिनबर्गमध्ये 2010 पासून पर्यटक रांगा लावून काचेच्या बरणीतली मूनशाइन घेतात. टेक्सासमधली ‘बाल्कोनीस’ भाजलेल्या निळ्या मक्याची व्हिस्की करते. गंमत अशी की ‘मूनशाइन’ या शब्दाला तिथल्या कायद्यात व्याख्याच नाही. बरणीत मका असेल, किंवा नुसती साखर.

(दृश्य: अर्धी भरलेली बरणी. एक हात ती जोरात हलवतो. बुडबुडे.)

बरणी हलवून बुडबुडे बघायची जुनी रीत आहे. मोठे आणि चटकन फुटणारे असले तर दारू कडक. पण मका की साखर, हे बुडबुडे सांगत नाहीत. त्यासाठी दोन थेंब तळहातावर घेतात, हात चोळतात आणि स्पिरिट उडून जाईपर्यंत थांबतात.

(दृश्य: हात नाकाजवळ. ओढ्याचा आवाज परत येतो.)

मग हुंगतात. ओल्या कणसाच्या पानांसारखा वास मागे उरला, तर मका. काहीच उरलं नाही, तर साखर.