आजोबांच्या इन्व्हेंटरीत न आलेली वाटणी

नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणींना मी चेहऱ्याने ओळखते. काही जणी केमोच्या वेळी माझ्या शेजारच्या खाटेवर होत्या. आज तुमच्यासोबत भाऊ आलेत, मुली आल्यात, दोन-तीन सुनाही दिसताहेत. मी बोलणार आहे घराण्यातून येणाऱ्या कॅन्सरबद्दल, आणि माझं बोलणं खरं तर या सोबत आलेल्या माणसांसाठी आहे. पण त्याची सुरुवात आजारातून उठलेल्या बाईपासूनच करावी लागते. ते का, हे बोलण्याच्या ओघात येईल.

गोव्यात आपल्याला जुने कागद शोधायची सवय आहे. पोर्तुगालच्या पासपोर्टसाठी आजोबांचा जन्मदाखला काढायला लोकांनी किती खेपा घातल्या ते तुम्ही पाहिलंय. जमिनीचं काही निघालं की आपण इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांची आणि त्यांच्या वाटण्यांची कोर्टातली नोंद, उघडतो. आमच्या घरीही ती आहे. आजोबा गेल्यावर कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, वाटणीसाठी झालेली. आपल्या नागरी कायद्यात मुलगी मुलाइतकीच वारस, त्यामुळे त्या यादीत माझे वडील आहेत, काका आहेत, आणि लग्न होऊन सासरी गेलेली माझी मावळणही आहे. महाराष्ट्रात जिला आत्या म्हणतात ती.

२०१६ साली मी हा कागद घेऊन कोकणकन्या गाडीने मुंबईला गेले आणि एका जनुकीय समुपदेशक, म्हणजे घराण्यातल्या आजारांचा माग काढून सल्ला देणाऱ्या, बाईंसमोर ठेवला. त्याआधी दोन वर्षं, वयाच्या ४६व्या वर्षी, मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. माझी ताई २००६ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरने गेली होती, ४८ वर्षांची. समुपदेशक बाईंनी मोठ्या कागदावर चौकोन आणि वर्तुळं काढायला सुरुवात केली. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. तीन पिढ्या, दोन्ही बाजू. प्रत्येक नावाला त्यांचा एकच प्रश्न: आजार कुठला, आणि कितव्या वर्षी? मावळणीवर आलो. मी सांगितलं, १९७९ मध्ये गेली, पोटात पाणी झालं होतं. वय? ५१. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "पोटात पाणी कशामुळे झालं, हे कुणी सांगितलं होतं का?"

कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात ते वाक्य तेवढंच होतं. तुमच्याही घरात अशी वाक्यं असतील. "कावीळ झाली आणि गेली." "अंगावरून जात राहिलं." "खाल्लेलं अंगी लागेना." या प्रत्येकामागे कॅन्सर असेल असं नाही. पण कधीकधी तोच असतो, आणि तो कुठल्या अवयवाचा होता हे पुढच्या पिढीला कळायला हवं असतं.

माझी एक चूक सांगते, कारण ती सगळीकडे होते. स्तनाचा आजार म्हणजे आईकडून येणार, असं मी धरून चालले होते. आईच्या माहेरी कुणाला काही नव्हतं, म्हणून मी निश्चिंत. वडील ८४ वर्षं जगले, एक दिवस अंथरुणावर नव्हते. त्यांच्यातून काही आलं असेल हा विचारच मनात आला नाही. मी उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी मेंडेलचे नियम समजावायला फळ्यावर चौकोन काढते. अर्धी जनुकं वडिलांकडून येतात हे मुलांकडून घोकून घेते. आणि स्वतःच्या बाबतीत एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही.

जिथे माझे उपचार झाले तिथेही कुणाला ती सुचली नाही. एका अर्जावर प्रश्न होता, घरात कुणाला कॅन्सर? मी बहिणीचं सांगितलं. लिहून घेतलं आणि पान उलटलं. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, रेडिएशन झालं. त्या ओळीचा अर्थ काय हे मला कुणी समजावलं नाही. याचं दुःख मला अजून आहे. १९९० मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १७व्या गुणसूत्रावर स्तनाच्या आनुवंशिक कॅन्सरची जागा दाखवली, १९९४ मध्ये ते जनुक, बीआरसीए१, हाती लागलं. मावळण गेली तेव्हा जगात कुणालाच हे माहीत नव्हतं. ताई गेली तेव्हा जनुक सापडून १२ वर्षं झाली होती. ताईची तपासणी झाली असती तर माझ्यावर वेळेत नजर ठेवता आली असती.

हे जनुक काय करतं ते सांगते. दिवाडी, चोडण बेटांवरच्या खाजन शेतीला, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांना, बांध असतात ना, तो बांध एकदा घालून भागत नाही. कुर्ल्या त्याला बिळं पाडतात, भरती-ओहोटीने माती सुटते. चिखल घेऊन कुणीतरी सतत फिरावं लागतं, भोक दिसलं की बुजवायला. नाहीतर खारं पाणी आत शिरतं आणि शेत जातं. आपल्या पेशींतल्या डीएनएलाही रोज अशी भोकं पडतात. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ती बुजवणाऱ्या गड्यांपैकी. प्रत्येकाच्या दोन प्रती, एक आईची, एक वडिलांची. माझ्या चाचणीत निघालं, की बीआरसीए१ची वडिलांकडून आलेली माझी प्रत जन्मापासून निकामी. म्हणजे माझ्या बांधावर दोनाऐवजी एकच गडी. जोवर तो आहे तोवर पेशीचं काम चालतं. एखाद्या पेशीत तोही गेला की तिथून बिघाड सुरू होऊ शकतो.

आकडे सांगते, पण नीट ऐका. परदेशातल्या मोठ्या पाहणीत, बीआरसीए१मध्ये असा दोष असलेल्या १०० बायकांपैकी साधारण ७० जणींना ८० वर्षांपर्यंत स्तनाचा आणि साधारण ४४ जणींना अंडाशयाचा कॅन्सर झाला. म्हणजे दोष असूनही कित्येक जणींना काहीच झालं नाही. आणि दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची: सगळ्या कॅन्सरमध्ये आनुवंशिक कॅन्सर फक्त ५ ते १० टक्के. बाकीच्यांचा घराण्याशी असा संबंध नसतो. म्हणून इथून उठून सगळ्यांनी घाबरत चाचणीला धावू नका.

मग जायचं कुणी? जिला पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झाला तिने. दोन्ही स्तनांत झाला तिने. रिपोर्टवर ट्रिपल निगेटिव्ह लिहिलंय तिने. अंडाशयाचा झाला असेल तर वय कितीही असो, जायचं. पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर त्याने तर नक्की जायचं. हो, पुरुषांना होतो. मोठ्या आतड्याचा पन्नाशीच्या आत झाला असेल, किंवा एकाच घराण्यात कुणाला आतड्याचा आणि कुणाला गर्भाशयाचा, तर तेही.

या आतड्याच्या गोष्टीवर मला थोडं थांबायचंय. १८९५ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या डॉक्टरांना त्यांच्याकडे शिवणकाम करणारी एक बाई म्हणाली, मी कॅन्सरने लवकर मरणार, आमच्या घरात सगळे तसेच जातात. तिला कुठलाही आजार नव्हता तेव्हा. पुढे ती खरोखरच गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. वॉर्थिननी तिचं म्हणणं उडवून लावलं नाही. तिच्या घराण्याची माहिती जमवून १९१३ मध्ये छापली. पुढे डॉक्टर हेन्री लिंच यांनी तेच घराणं पुन्हा हाती घेतलं, आणि २००० साली त्या घराण्यातला नेमका दोष, एमएसएच२ या जनुकातला, सापडला. शंभर वर्षांहून जास्त. आणि सुरुवात कुठून? सुई-दोरा हातात असलेल्या बाईने घरातलं मरण मोजलं होतं, तिथून. आपल्याकडच्या म्हाताऱ्या आज्याही असंच मोजतात. त्यांना विचारा, आणि त्या आहेत तोवर विचारा.

आता सुरुवातीचा प्रश्न. आजार होऊन गेलेल्या बाईनेच आधी का जायचं? कारण दोष असलाच तर तो सापडण्याची शक्यता तिच्यात सगळ्यांत जास्त. तिच्यात नेमका बदल कळला की भावंडांची, मुलांची फक्त तेवढी एकच जागा तपासायची. पूर्ण चाचणीपेक्षा ते कितीतरी स्वस्त आणि उत्तर स्वच्छ. बहिणीत दोष सापडलाय आणि तुझ्यात तो नाही, तर तुझी जोखीम इतर सर्वसाधारण बायकांइतकीच. त्याउलट, घरात काय आहे हे माहीत नसताना निरोगी मुलीने एकटीने चाचणी केली आणि काही निघालं नाही, तर त्यावरून खात्रीने काहीच म्हणता येत नाही. म्हणून ज्या जणी म्हणतात, "माझं झालं, आता पंधरा वर्षं झाली, कशाला उकरून काढायचं," त्यांना मी हात जोडते. तुमचं ५ मिलिलीटर रक्त तुमच्या भाचीला उपयोगी आहे. आणि तुम्हालाही, कारण दुसरा स्तन आहे, अंडाशय आहेत. जिचा आजार उलटलाय तिच्यासाठी या दोषावर चालणारी औषधंही आता आहेत.

चाचणी आणि समुपदेशन वेगळं. घरी नळी मागवून थुंकी पाठवली, मोबाइलवर निकाल आला, असं करू नका, ही माझी कळकळीची विनंती. निकाल तीन तऱ्हेचे येतात. दोष आहे, दोष सापडला नाही, आणि तिसरा, बदल दिसतोय पण त्याचा अर्थ आज माहीत नाही. जगातली बरीचशी माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची गोळा झालीय, त्यामुळे आपल्याकडे हा तिसरा निकाल जास्त येतो. त्याच्या जोरावर शस्त्रक्रिया करायची नसते. हे समजावायला समोर माणूस लागतं. रक्त देण्याआधी लागतं आणि निकाल हातात आल्यावर पुन्हा लागतं. बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना सरळ विचारा, मला जनुकीय समुपदेशनासाठी चिठ्ठी द्या. मुंबईला टाटात त्यासाठी वेगळा विभाग आहे. आता व्हिडिओवरही बोलता येतं, रक्त इथूनच पाठवता येतं.

दोष निघाला तर करायचं काय? हा प्रश्न विचारायला लोक कचरतात, म्हणून सांगते. स्तनांसाठी पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय, तिशीपासून मॅमोग्रामही. अंडाशयाचा आजार वेळेत पकडणारी भरवशाची तपासणी नाही, म्हणून मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए१मध्ये ३५ ते ४० वर्षांच्या दरम्यान, अंडाशय आणि नळ्या काढून टाकायचा सल्ला देतात. मी काढल्या. मग पाळी अचानक बंद होते, अंगातून वाफा येतात, झोप उडते, हाडं जपावी लागतात. तरी मी पुन्हा तेच करीन. आतड्याच्या कॅन्सरचा दोष निघाला तर दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, गाठ कॅन्सर होण्याआधीच काढता येते. अठरा वर्षांखालच्या मुलांची मात्र या आजारांसाठी चाचणी करायची नाही. ते मोठे झाल्यावर त्यांचं ते ठरवतील.

आणि आता जे खरं आडवं येतं ते. माझा निकाल आला तेव्हा आमच्या एक वयस्क नातेवाईक माझा हात धरून म्हणाल्या, "हें कोणाक सांगूं नाका गो, चलयेचें लग्न जावंक जाय." मुलीचं लग्न व्हायचंय. त्यांच्या मनात माया होती, मी रागावले नाही. पण विचार करा. न सांगितल्याने दोष जात नाही. मुलगी तीच, जनुक तेच, फक्त तिच्या हातातली एमआरआयची दहा वर्षं जातात. शिवाय सगळे माझ्या मुलीबद्दलच विचारत होते. माझा मुलगा जेवताना म्हणाला, "आई, इन्व्हेंटरीत तर आम्ही दोघं सारखे ना?" अगदी सारखे. दोघांनाही पन्नास टक्के शक्यता. मुलगा स्वतः आजारी न पडता आपल्या मुलीला ते देऊ शकतो, माझ्या वडिलांसारखं. आणि एखादी सून आजारी पडली की "तिने आणलं" म्हणणाऱ्या घरांनी हेही ध्यानात घ्यावं, की तिच्या पोटची मुलं सोडली तर सासरच्या कुणालाही तिच्याकडून हे येत नाही. तिला आधार द्या.

समुपदेशक बाईंनी मला नातेवाइकांना द्यायला एक पत्र दिलं होतं. माझा बदल कुठला, कुणी तपासावं, कुठे जावं. ताईच्या मुलांना दिलं, मावळणीच्या घरी दिलं. राहिला चुलतभाऊ. कुळागराच्या वाटणीवरून आमचं बोलणं बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. पत्र चार महिने कपाटात पडून होतं. मग एके दिवशी गेले. तो ओसरीवर सुपाऱ्या निवडत होता. बस म्हणाला नाही. मी उभ्यानेच सांगितलं, काकांकडेही हे आलेलं असू शकतं, तुझ्याकडे असू शकतं, तुझ्या लेकीकडेही. पत्र कट्ट्यावर ठेवलं आणि निघाले. मागून त्याने हाक मारली नाही.

वर्षभराने त्याच्या लेकीचा फोन आला. "आत्या, मला चाचणी करायचीय." मी म्हटलं, आधी बाबांनी करायला हवी. त्यांच्यात नसेल तर तुझा प्रश्नच उरत नाही. ती गप्प झाली. मला वाटलं, झालं, इथेच थांबलं. मग फोन कुणीतरी तिच्या हातातून घेतला आणि तिकडून भावाचा आवाज आला, "रक्त उपाशीपोटी द्यायचं का?"

त्याचा निकाल काय आला ते मी सांगणार नाही, तो त्याचा आहे. उपाशी राहावं लागत नाही, एवढं मी त्याला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोंड्याच्या लॅबमध्ये त्याच्यासोबत गेले.