तापीच्या दिशेने जाणारं वादळ

(दृश्य: खान्देश, जळगाव जिल्ह्यातला रावेर तालुका. आडवी झालेली केळीची बाग.)

केळीला लाकूड नसतं. आपण ज्याला खोड म्हणतो, ती एकात एक गुंडाळलेली, पाण्यानं भरलेली पानांची सोपटं. त्यावर वीस-पंचवीस किलोचा घड लटकलेला. मे अखेरीस मृगबाग, म्हणजे आदल्या जूनच्या सुमारास लावलेली केळी, कापणीला येते आणि नेमकं तेव्हाच वावधन, म्हणजे सोसाट्याचं वादळी वारं, सुटतं. कमरेत मोडलेली केळी पुन्हा उभी राहत नाही.

असं झालं की मोबाईलवर लगेच ‘चक्रीवादळ आलं’ असे मेसेज फिरू लागतात. बहुतेक वेळा ते चक्रीवादळ नसतंच. तापलेल्या जमिनीवर उठलेला वळवाचा ढग असतो, तासाभरात निघून जाणारा.

खरं चक्रीवादळ समुद्रात तयार होतं. पाणी साधारण 26.5 अंशांहून गरम हवं, आणि नुसतं वरवर नव्हे, खाली पन्नासेक मीटरपर्यंत. वाफ वर चढते, तिचा ढग होताना उष्णता मोकळी होते, हवा आणखी वर उसळते. खाली दाब उतरतो, चहूकडून वारा धावतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे गोल वळतो. मग ऐन जुलै-ऑगस्टमध्ये चक्रीवादळं का होत नाहीत? कारण तेव्हा खालचा वारा पश्चिमेकडून आणि वरचा पूर्वेकडून वाहतो. ढगांचा मनोरा सरळ उभाच राहत नाही.

(दृश्य: समुद्रात सोडलेला आर्गो तरंगक.)

ही पाण्यातली उष्णता मोजायला माणसापेक्षा थोडी कमी उंचीची नळकांडी समुद्रात सोडलेली आहेत. आर्गो त्यांचं नाव. एक हजार मीटर खोल जाऊन ती प्रवाहाबरोबर वाहत राहतात. दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतात आणि वर येताना तापमान, क्षारता नोंदवून उपग्रहाला कळवतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये अरबी समुद्राचा हिशेब मांडला. 1982 ते 2000 या काळाच्या तुलनेत 2001 ते 2019 मध्ये चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली, अतितीव्र वादळं 150 टक्क्यांनी. आकडे दचकवतात. पण अरबी समुद्रात मुळात वादळं मोजकीच, त्यामुळे टक्केवारी फुगलेली दिसते. समुद्र तापतोय, याबद्दल मात्र वाद नाही. 3 जून 2020 ला अलिबागजवळ किनारा ओलांडलेलं ‘निसर्ग’ उत्तर महाराष्ट्रावरून विदर्भाकडे सरकलं, तेव्हा ते आपल्यालाही जाणवलं.

तरी खान्देशानं खरी धास्ती घ्यावी ती दुसऱ्या समुद्राची. बंगालच्या उपसागराची.

(दृश्य: तापीवरचं हतनूर धरण, उघडलेले दरवाजे.)

बंगालच्या उपसागरातले पावसाळी कमी दाबाचे पट्टे बहुधा पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात. तापीही मध्य प्रदेशातल्या मुलताईहून सुरतेकडे, पश्चिमेलाच वाहते. म्हणजे वरच्या अंगाला पाऊस कोसळतो, पूर खाली निघतो आणि पाऊसही त्याच्याच सोबतीनं खाली येतो. त्यात धरणाच्या वरच, चांगदेवला, पूर्णा नदीचं पाणी तापीला मिळालेलं असतं. हतनूरला 41 दरवाजे का आहेत, ते अशा वेळी कळतं. 1968 आणि 2006 मध्ये सुरत बुडाली, ती याच नदीच्या पाण्यात.

(दृश्य: नकाशा. एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जाणारी रेषा.)

सप्टेंबर 2021 मधलं ‘गुलाब’ तर दोन समुद्रांना जोडून गेलं. 26 तारखेला संध्याकाळी आंध्रात कलिंगपट्टणमजवळ ते जमिनीवर आलं, तेलंगणा, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र करत क्षीण होत गेलं, पण विझलं नाही. गुजरातजवळ अरबी समुद्राचं कोमट पाणी मिळताच पुन्हा उभं राहिलं. नवं नाव पडलं ‘शाहीन’, आणि 3 ऑक्टोबरला ते ओमानवर आदळलं. आपण त्याच्या वाटेत होतो, एवढंच.

आंध्राचा किनारा ओलांडला 26 ला, आपल्याकडचा जोर 28-29 चा. एवढ्या वेळात वेचणीला आलेला कापूस घरात घेता येतो, नदीकाठचे मोटारपंप वर ओढता येतात. त्यासाठी सप्टेंबरात नजर ठेवायची ती मुंबईच्या नव्हे, विशाखापट्टणमच्या बातमीवर.