सोमलक कामसिंग: आठ विरुद्ध पाच

हा दहा औंसांचा ग्लोव्ह. त्यावरचा पांढरा पट्टा बघा. ठोसा याच भागाने बसला पाहिजे, तोही चेहऱ्यावर, डोक्याच्या बाजूला किंवा कमरेच्या वर. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये रिंगभोवती पाच जज बटणं घेऊन बसायचे. एका सेकंदाच्या आत तिघांनी बटण दाबलं तर गुण, नाहीतर ठोसा वाया. त्यामुळे अगदी जवळून घातलेल्या भराभर ठोशांचं मोल जवळजवळ शून्य. बोटं तेवढी पळत नाहीत. लांबून, एकटा, स्वच्छ बसलेला ठोसा मात्र सगळ्यांना दिसतो.

थायलंडच्या सोमलक कामसिंगचं बॉक्सिंग नेमकं असंच होतं.

जन्म 1973 चा, ईशान्य थायलंडमधल्या खोन केनचा. लहानपणापासून मुए थाई, म्हणजे लाथा-गुडघेही चालणारं थाई बॉक्सिंग. त्या खेळात उभं राहण्याची पद्धतच वेगळी. वजन मागच्या पायावर, पुढचा पाय हलका, कारण समोरच्याची लाथ आली की तो उचलून नडगीवर झेलायची असते. डोकं खाली घालायचं नाही, घातलं तर गुडघा तोंडावर येतो. आणि पाच फेऱ्यांपैकी पहिल्या दोन बहुधा एकमेकांना जोखण्यातच जातात.

बॉक्सिंगमध्ये यातलं बरंच सोडावं लागतं. वजन मागे अडकलं की जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, चार बोटं आखूड पडतो आणि मागच्या हाताच्या ठोशात जोर उरत नाही, कारण तो जोर मागची टाच वळवून, कंबर फिरवून येतो. वर फेऱ्या तीनच, तीन-तीन मिनिटांच्या. जोखत बसलात तर सामना निघून जातो.

एक गोष्ट मात्र उपयोगी पडते: अंतराचं भान. लाथेच्या टप्प्यात वाढलेल्या माणसाला हाताचा टप्पा लहान वाटतो. सोमलक कमरेतून किंचित मागे व्हायचा, ठोसा नाकासमोरून जाऊ द्यायचा, आणि समोरच्याचा हात परत बचावाला चेहऱ्यापाशी पोचायच्या आत स्वतःचा ठोसा ठेवायचा. हे शिकवून येत नाही, वर्षानुवर्षांच्या लढतींनी डोळ्यांत बसतं.

1992 च्या बार्सिलोनात पदक नाही. 1994 ला हिरोशिमाच्या आशियाई खेळांत सुवर्ण. थायलंडकडे तोवर ऑलिम्पिकचं सुवर्ण नव्हतं. पायाओ पूनतरतचं 1976 चं कांस्य हे पहिलं पदक, मग 1984 चं रौप्य.

अटलांटात 57 किलो वजनगटाच्या अंतिम फेरीत समोर बल्गेरियाचा सेराफिम तोदोरोव्ह. तीन वेळा जगज्जेता, आणि उपांत्य फेरीत अमेरिकेच्या फ्लॉइड मेवेदरला 10-9 असं हरवून आलेला. तोही वाट बघून मारणाराच. नऊ मिनिटांत दोघांचे मिळून तेराच गुण नोंदले गेले. सोमलक आठ, तोदोरोव्ह पाच. रिंगमध्ये सोमलकने राजे भूमिबोल यांची तसबीर उंच धरली.

दोन वर्षांनी बँकॉकच्या आशियाई खेळांत त्याने पुन्हा सुवर्ण घेतलं. भारताच्या डिंको सिंगने 54 किलोत सुवर्ण जिंकलं ते याच स्पर्धेत.

पुढे 2000 ला सिडनीत आणि 2004 ला अथेन्समध्येही तो उतरला, पण पदकाविना परतला. फेऱ्या आता चार झाल्या होत्या, दोन-दोन मिनिटांच्या. समोरच्याला वाचून मग मारणाऱ्याला हा बदल जाचतोच, असं आम्हाला वाटतं. सिडनीत सोमलक उपांत्यपूर्व फेरीत हरला, आणि तिथेच 51 किलोत विजान पोनलिदने थायलंडचं दुसरं सुवर्ण जिंकलं.